मोजणीच्या दिवशी घातलेला सडा

ईशान, रेवा,

करीम मिस्त्री गेले ती बातमी सलीमने आणली. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसत होते, उठल्यापासून दुसऱ्यांदा. फाटकाशी सलीम येऊन उभा राहिला आणि त्याने फाटक उघडलं नाही. एरवी तो त्याच्या वडिलांसारखाच फाटक ढकलत, "बाई, आहे काय?" असं ओरडत आत येतो. "बाई, अब्बू गेले," तो म्हणाला. "चहा मागतला त्यांनं. अम्मी घेऊन आली तं..." मी फडकं पिळलं, दोरीवर वाळत घातलं, चप्पल घातली आणि त्याच्या मागे गेले.

त्या दिवशी गल्लीत मला जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला: बिडी ओढायचे का? बँकेतल्या निवृत्त साहेबांनी विचारला, मेडिकलवाल्याने विचारला. नंतर फोनवर तुमच्या बाबांनीही विचारला, म्हणून त्यांचंही नाव या यादीत घालते. मिस्त्रींनी जन्मात बिडी ओढली नाही. पण माणूस फुप्फुसाने गेला की लोकांना आधी त्याचा गुन्हा हवा असतो. गुन्हा सापडला की आपण सुटलो. मग घरी जाऊन खिडक्या उघड्या टाकून जेवायला मोकळे.

हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला देते आहे, कारण फोनवर तुम्ही मला पूर्ण बोलू देत नाही. "आजी, ब्लडप्रेशर," म्हणता. कागदाला ब्लडप्रेशर नसतं.

तुम्हाला मिस्त्री आठवतात ते सायकलची चेन बसवून देणारे, तुम्ही 'मिस्त्रीआजोबा' म्हणायचात ते. आम्ही त्यांना ओळखायला लागलो ते तुमच्या आजोबांच्या जुन्या फियाटमुळे. ती गाडी महिन्यातून दोनदा बंद पडायची आणि दोन्ही वेळा मिस्त्रींच्या गॅरेजसमोरच. आजोबांना हा योगायोग वाटायचा. मला वाटायचं, गाडीला अक्कल आहे. गॅरेज कोळशाच्या रस्त्यावर. वणीत राहणाऱ्याला हा रस्ता कोणता ते सांगावं लागत नाही. दिवसभर ट्रक. काहींवर ताडपत्री, ती अर्धी. काहींवर तीही नाही. आपल्या गल्लीच्या मागे, भिंतीपलीकडे, एक खासगी कोळसा डेपो. ट्रक रिकामे होतात, पुन्हा भरतात, आणि दुपारी वारा सुटला की डेपो आपल्या घरात येतो. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला चांदीची फ्रेम दिली. ती आठ दिवसांत काळी पडली. मी ती पुसत राहिले. इतकीच माझी तेव्हाची समज.

मिस्त्रींना हवेचं कळायचं ते एअर फिल्टरमधून. ट्रकच्या इंजिनात हवा जाते ती आधी कागदी घड्यांच्या एका डब्यातून गाळून जाते. मिस्त्री तो डबा काढायचे, तळहातावर आपटायचे, खाली पडलेल्या धुळीकडे बघायचे आणि ट्रक कुठे कुठे फिरला ते सांगायचे. ड्रायव्हर लोक पैज लावायचे. "हा पुसदकडून आला," "हा महिनाभर डेपोतच होता." चुकायचे नाहीत. एकदा ते फिल्टरच्या खोक्यातला एक कागद घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजीत होता.

"बाई, तुमी इंग्रजी शिकवलं जिंदगीभर. हे वाचून सांगा, फिल्टर किती बारीक पकडते."

मी वाचून दाखवलं. अमुक मायक्रॉनपर्यंत. मायक्रॉन म्हणजे काय तेही सांगितलं, केसाची जाडी घेऊन.

"म्हणजे याच्याहून बारीक जे हाय ते इंजनात जाते."

"जात असेल."

"इंजनाले दर तीन महिन्यानं फिल्टर. माणसाले काय हाय?"

"नाक आहे, मिस्त्री."

ते हसले. "नाक तं बाई जाड धूळ पकडते. रुमालात काळं दिसते ते. जे दिसत नाही त्याचं काय?"

हा प्रश्न मला कोणत्याही शिकलेल्या माणसाने विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. त्यानंतर आम्ही दोघं वाचायला बसलो, म्हणजे मी वाचायचे आणि मिस्त्री ओट्यावर बसून ऐकायचे. बसण्याआधी स्वतःचं फडकं अंथरायचे, माझी फरशी खराब होऊ नये म्हणून. तुम्ही संगणकावरून पाठवलेले लेख मी मराठीत करून सांगायचे. कोळसा जळतो तेव्हा, राख उडते तेव्हा, डिझेलच्या धुरात, ब्रेक घासतात तेव्हा जी अगदी बारीक धूळ निघते, ती नाकात अडत नाही, घशात अडत नाही, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथून रक्तात उतरते. तिच्याबरोबर शिसं जातं, आर्सेनिक, निकेल, क्रोमियम, कॅडमियम. ही मंडळी एकदा आली की सहज जात नाहीत. शिसं हाडांत मुक्काम करतं. मुलांच्या डोक्यावर, स्मरणावर त्याचा परिणाम होतो. हे वाचताना मी थांबले होते. चौतीस वर्षं मी डेपोपासून अर्ध्या मैलावरच्या शाळेत शिकवलं, आणि किती मुलींना 'मठ्ठ' म्हटलं असेल... त्यातल्या किती खरंच मठ्ठ होत्या आणि किती जणींच्या रक्तात काय होतं, हे आता कोण सांगणार? मी तर तेव्हा त्यांना पाच-पाच वेळा शब्द लिहायला लावत होते.

तुमच्या बाबांनी याच सुमारास हवा शुद्ध करणारं यंत्र पाठवलं. मिस्त्रींनी ते उघडून आतला फिल्टर पाहिला. "बाई, हे तं ट्रकसारखंच हाय. फरक इतकाच, ट्रक हिंडते आन तुमी याच्यापुढं बसून राहता." ते यंत्र अजून कोपऱ्यात आहे. त्यावर मी फुलदाणी ठेवते. एका खोलीत आपल्यापुरती हवा विकत घ्यायची आणि बाहेर गल्लीने उरलेली खायची, हा उपाय ज्याला सुचला त्याची मला कीव येते. तुमचे बाबा रागावतील. रागावू देत.

मिस्त्रींचा खोकला वाढला तसा सलीम त्यांना नागपूरला घेऊन गेला. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी मान डोलावली: तुमचा धंदा फुटके रेडिएटर डागण्याचा, त्या डाखात शिसं असतंच. झालं, उत्तर सापडलं. तोच कागद आम्ही प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात दाखवला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तो दोन बोटांत धरून परत दिला. "हे तुमच्या व्यवसायातून आलंय. हवेचा काय संबंध?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, मायं असंल रेडिएटरचं. मान्य हाय मले. माह्या बायकोचं कुठचं?"

कारण त्यांनी हमीदाचंही रक्त तपासून घेतलं होतं. हमीदा घराबाहेर पडते ती लग्नाला आणि मयतीला. तिने रेडिएटर पाहिलेला नाही. तिच्या रक्तातही शिसं होतं. अधिकाऱ्यांनी तो दुसरा कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि विचारलं, "या सुरमा लावतात का? सुरम्यातही शिसं असतं."

घ्या. बिडी नाही तर सुरमा.

"नाही लावत," मिस्त्री म्हणाले. "पण साहेब, तुमची अक्कल लय तेज हाय. भिंतीपलीकडचा डेपो सोडून सगळ्या घरात हिंडून आली."

तेव्हापासून मिस्त्रींचं एकच म्हणणं: गल्लीतली हवा मोजा. भांडण नको, मोर्चा नको. एकदा खरं मोजा आणि कागदावर लिहून द्या. खरा आकडा कागदावर आला की डेपोला शेड बांधावी लागेल, ट्रकवर ताडपत्री टाकावी लागेल. न आला तर हमीदाचं शिसं सुरम्याचं आणि त्यांचं रेडिएटरचं, असंच लिहिलेलं राहील. अर्ज मी लिहिले. इंग्रजीत, कारण कार्यालय मराठी अर्ज ठेवून देतं आणि इंग्रजी अर्ज दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देतं. तेवढीच हालचाल. दोन वर्षं गेली. मध्ये डेपोवाल्यांनी गल्लीत झाडं लावली, रोपांपेक्षा फोटो जास्त निघाले. बकऱ्यांनी रोपं खाल्ली. बकऱ्यांचा खोकला कोणी तपासला नाही.

शेवटी मोजणी ठरली. यंत्र माझ्या गच्चीवर लावायचं होतं. पंप हवा ओढतो, ती एका पांढऱ्या कागदातून जाते, चोवीस तासांनी कागद काढून वजन करतात आणि त्यात कोणता धातू किती ते तपासतात. त्या दिवशी मिस्त्री नागपूरला तपासणीला गेलेले. मला म्हणाले होते, "बाई, तुमी हाय म्हणून बेफिकीर जातो."

आणि मी काय केलं, ते आता लिहिते. लाज वाटते, पण लिहिते.

आदल्या दिवशी मी गल्लीत सांगितलं, उद्या साहेब लोक येणार आहेत. बस्स. त्यापुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. प्रत्येक बाईने अंगण झाडलं, सडा घातला, भिंती धुतल्या. कोणीतरी कडुनिंबावर पाईपने पाणी मारलं. डेपोचा टँकर फुकट आला आणि दोनदा रस्ता भिजवून गेला. मी टँकरवाल्याला चहा दिला. आभार मानले. स्वतः गच्ची तीन बादल्या पाण्याने धुतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी यंत्र बसवलं, तर त्याच्या टोपीवर प्रवासाची धूळ होती, तीही पुसली. सकाळी उठून गच्ची पुन्हा धुतली.

तुम्ही म्हणाल, आजी, तू शिकलेली. हो. पण माझं शिक्षण शाळेत झालं त्याच्या आधी आईच्या अंगणात झालं. कळंबजवळच्या आमच्या गावात, माझ्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावरसुद्धा, आमच्या वस्तीला लोक एकच शब्द वापरायचे: घाण. आई दिवसातून तीनदा झाडायची, कोणी बाहेरचं येणार असलं की चौथ्यांदा. आमची स्वच्छता हे त्या शब्दाला दिलेलं उत्तर होतं. साहेब येणार म्हटल्यावर माझे हात बादलीकडे गेले ते पंचाहत्तर वर्षांच्या सवयीने. डोकं त्या हातांच्या मागून चालत राहिलं, कधी पोचलंच नाही.

मिस्त्री त्या दुपारी परत आले. ऑटोतून उतरले आणि ओल्या रस्त्यावर उभे राहिले. मी फाटकात होते.

"बाई, हे काय केलं?"

"अहो, पाहुणे येणार होते..."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसायला लागले, मग खोकायला. फाटक धरून खोकले. शेवटी म्हणाले, "बाई, डॉक्टरकडे जातांनी कोणी ताप उतरवून जाते काय?"

निकाल आला: हवा मर्यादेत. डेपोवाल्यांनी तो कागद फ्रेम करून ऑफिसात लावला. मिस्त्री आठ दिवस माझ्याकडे आले नाहीत. नवव्या दिवशी आले, फडकं अंथरून बसले आणि म्हणाले, "लिहा बाई. पुन्हा मोजा म्हणून." मी माफी मागायला तोंड उघडलं तर हात वर केला. "माफी नोको. इंग्रजी पायजे." त्यांनी मला आणखी काही कधी बोलून दाखवलं नाही. मला ते जास्त लागलं.

त्या अर्जाचं उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर साधारण तीन आठवड्यांनी आलं. पाकिटावर त्यांचं नाव. पुनर्मोजणी अर्जदाराच्या घराच्या छतावर होईल, अर्जदाराने स्वतः जागेवर हजर राहावे, गैरहजर आढळल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. सलीमने मला तो वाचायला दिला. हमीदा दाराआड बसली होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, ती इद्दत पाळते आहे. ती आतून म्हणाली, "बाई, त्यांले म्हणा, ते हजरच हायेत. इथंच हायेत."

या वेळी मी आदल्या दिवशी घरोघर गेले. झाडायचं नाही, पाणी मारायचं नाही, कपडे सुद्धा अंगणात आपटायचे नाहीत. नंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, उद्या पोरीले पाहायले पाहुणे येऊन राह्यले. अंगण असं ठेवू काय? काय म्हणतील ते लोकं?"

"म्हणू देत. धूळ तुझी नाही."

"तुमचं बरं हाय. तुमच्या घरी कोणाचं लगन हाय?"

खरं होतं. तरी सकाळी पाहिलं तर तिचं अंगण तसंच होतं, आणि ती पाहुण्यांना फाटकातच सांगत होती, "पाय जपून टाका बाप्पा, मोजणी चालू हाय. सरकारी हाय." पाहुण्यांना काहीतरी मोठं चाललंय असं वाटलं. सोयरीक जुळली, हे तुम्हाला आनंदाने कळवते.

टँकर पुन्हा आलाच. मी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. "आजी, सरका. फुकटचं पाणी हाय."

"फुकट आहे म्हणूनच नको."

"पाण्याले नाही म्हणणारी पहिलीच बाई पाहून राह्यलो मी!"

"बघून झालं असेल तर मागे घे."

अधिकारी तेच होते, सुरमावाले. बरोबर यंत्र लावणारी एक तरुण मुलगी. त्यांनी कागद काढला. "अर्जदार कुठे आहेत?"

"कब्रस्तानात," मी म्हटलं. "चालत दहा मिनिटं. हजेरी घ्यायची असेल तर येते दाखवायला."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. कागदात याची सोय नव्हती. "मग अर्ज कोणाच्या नावावर चालवायचा?"

"ज्यांच्या नावावर इतके दिवस चालवला नाही, त्यांच्याच."

सलीमची वारस म्हणून सही झाली. जाता जाता साहेबांनी गल्लीवरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्ही तर मुख्याध्यापिका होतात. उद्या वरिष्ठ पाहणीला येतील, फोटो निघतात... जरा पाणी मारून घेतलं असतं तर शोभलं असतं."

"मागच्या वेळी मारलं होतं," मी म्हटलं. "ती शोभा तुमच्या फायलीत आहे."

चोवीस तासांनी त्या मुलीने कागद काढला. घालताना तो पांढरा होता. मी तिला म्हटलं, घरात एक बाई आहे, तिला बाहेर येता येत नाही, तिला दाखवशील का? ती कागद झाकून आत आली. हमीदाने डोक्यावरचा पदर सावरला आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे एका दिवसाचं?" तिने विचारलं. मुलगी म्हणाली, "हो, काकू. पण यात काय आहे ते लॅबमध्येच कळेल. रंगावरून सांगता येत नाही." प्रामाणिक मुलगी. त्या कार्यालयात किती दिवस टिकते, बघू.

यंत्र गेलं आणि गल्लीने सुटकेचा श्वास टाकला, म्हणजे जसा टाकता येतो तसा. तासाभरात सगळी अंगणं झाडून झाली. मीही माझं घर धुतलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी हमीदाकडे गेले तर मिस्त्रींची खोली तशीच होती. त्यांच्या खाटेवर, खिडकीच्या फळीवर, आरशावर, त्यांच्या चष्म्याच्या घरावर करडा थर. उंच फळीवरचं कुराण तेवढं कापडात गुंडाळलेलं, कापड स्वच्छ झटकलेलं.

"हमीदा, आता झाडायला हरकत नाही. मोजणी झाली."

"निकाल येऊ द्या, बाई," ती म्हणाली. "पुन्हा म्हणतील, मोजा. मंग घरात काही नको काय दाखवायले?"

मी तिला म्हटलं, ही धूळ चांगली नाही, तुझ्या रक्तात आधीच आहे, ओल्या फडक्याने पुसून घे. मी शिकवावं तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"चाळीस वर्ष खाल्ली बाई," ती म्हणाली. "अजून चार दिवस. खिडकी बंद ठेवली मी. दार लोटून घेते."

मग तिने हातानेच खाट दाखवली, बसा म्हणून. आयुष्यात मी न पुसलेल्या जागेवर बसलेले नाही. कोणाच्याही घरी गेले तरी रुमाल पुढे होतो. त्या दिवशी मी पदर आवरून घेतला आणि बसले. खाटेवर माझ्या शेजारी एक जागा थोडी खोलगट होती, दोरी तिथे ढिली झाली आहे. त्यावरही धूळ सारखी बसली होती.

निकाल अजून आलेला नाही. मी दर सोमवारी कार्यालयाला पत्र टाकते. इंग्रजीत.